ऋतुमानाचे पक्षी व आमचा शेजारधर्म

थंडीचे दिवस आले म्हणजे निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या गावी "पाहुणे आले" असे शब्द दरसाल कानी पडतात. हे पाहुणे कोणाच्या घरचे सोयरे नव्हत; नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर दूरदेशाहून उतरणारी बदके, हंस व करकोचे ह्यांस हे नाव मिळाले आहे. वर्तमानपत्रांतही तेच छापून येते. शब्द गोड आहे, आणि दाराशी आलेल्यास पाणी विचारल्यावाचून न राहणाऱ्या आमच्या लोकांस तो शोभतोही. तथापि हा शब्द खरा आहे काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. एका शब्दावरून एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु आपण दुसऱ्यास ज्या नावाने ओळखतो त्या नावाजोगेच त्याशी वागतो, हे गावात राहणाऱ्यास सांगावयास नको. ज्यास भाऊबंद म्हटले त्याशी एक रीत, ज्यास उपरा म्हटले त्याशी दुसरी. नाव देण्यात चूक झाली तर पुढे देण्याघेण्याच्या हिशेबातही ती उतरते.

ज्यांनी हे ठिकाण पाहिले नाही त्यांच्यासाठी प्रथम जागेविषयी थोडे सांगू. नाशकाहून खाली येणारी गोदावरी व तीस मिळणारी कादवा ह्यांच्या संगमाशी विसाव्या शतकाच्या आरंभी एक बंधारा बांधण्यात आला. तो बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस अलीकडच्या मुलखात येईपर्यंत उणा होतो. म्हणून नदीचे पाणी अडवून, दोन्ही तीरांनी कालवे काढून, निफाडपासून कोपरगावाकडील रानांपर्यंत ते न्यावे एवढाच हेतू होता. बंधाऱ्यामागे पाणी थांबले आणि पाण्याबरोबर आलेला गाळही थांबला. वर्षानुवर्षे गाळ बसत गेला, तळ वर आला, मध्ये बेटे झाली, कडेने लव्हाळे व पाणकणीस माजले. इंजिनिअराच्या वहीत हा तोटा मांडला जाईल, कारण जितका गाळ अधिक तितके साठ्याचे पाणी कमी. परंतु ज्या पक्ष्याचे पाय वीतभर लांब आहेत आणि ज्याचे अन्न चिखलात आहे, त्यास खोल तलावाचा काय उपयोग? उथळ पाणी हेच त्याचे ताट. मनुष्याचा जेथे तोटा झाला तेथे त्यांचे दुकान मांडले गेले. १९८६ साली ह्या भागास अभयारण्य ठरविण्यात आले. पुढे २०१९ साली, रामसर ह्या इराणमधील शहरी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या पाणथळींविषयीच्या राष्ट्राराष्ट्रांतील कराराच्या यादीत नांदूरमधमेश्वरचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेले हे पहिलेच ठिकाण; त्यानंतर २०२० साली लोणार व २०२२ साली ठाण्याची खाडी गेली.

आता तेथे वर्षभर काय घडते ते पाहू. आषाढ-श्रावणात नदी तांबडी होऊन वाहते, बंधाऱ्याचे दरवाजे उघडतात, बेटे बुडतात, आणि परदेशचे एकही बदक दिसत नाही. ह्या दिवसांत तेथे घरचीच मंडळी असते. जांभळी पाणकोंबडी आपल्या लांब बोटांनी तरंगत्या पानांवरून चालते. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगाई शोधीत फिरतो; त्याच्या दोन चोचींमध्ये जी फट राहते ती पाहून मुलांस ती मोडली आहे असे वाटते, पण तीच त्याची पकड. बगळे व शराटी घरटी करितात. भाद्रपद-आश्विनात पाणी निवळू लागते आणि तीराचा चिखल उघडा पडतो, तोच पहिली टोळी उतरते. बहुधा ती लहान बदकांची असते; नराच्या डोळ्यावर पांढरी रेघ असते, म्हणून त्यास भुवई बदक म्हणतात. त्याच सुमारास चिखलावर तुरुतुरु धावणारे तुतवार व शेपटी हालवीत फिरणारे धोबी येतात. दिवाळीच्या पुढेमागे थापट्या येतो. त्याची चोच फावड्यासारखी रुंद असून तिच्या कडांस फणीसारखे दाते असतात. पाणी तोंडात घेऊन त्या फणीतून तो गाळतो व बारीक जीव तेवढे राखतो. तलवार बदके येतात, नारिंगी रंगाचे चक्रवाक जोडीजोडीने येतात, आणि वारकरी तर शेकड्यांनी. वारकरी हा काळा, ठेंगणा पक्षी. कपाळीचा पांढरा टिळा व मेळ्याने राहण्याची चाल पाहिली म्हणजे हे नाव त्यास फार शोभते, मग ते प्रथम कोणीही ठेविलेले असो. उडावयाचे झाले तर बिचाऱ्यास पाण्यावरून पुष्कळ अंतर पाय आपटीत धावावे लागते. ही सर्व गर्दी पाहून वरून भोवत्या घिरट्या घालू लागतो, आणि तो खाली आला की सारे पाणी एकदम उठते.

मार्गशीर्ष-पौषात, रब्बीचे पीक वीतभर झाले असता, हंस व कांड्या करकोचे येतात. हंसाच्या पांढऱ्या डोक्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे आडवे असतात, त्यावरून त्यास पट्टकादंब म्हणतात. हा पक्षी उन्हाळा मंगोलिया, तिबेट व चीनच्या उंच प्रदेशांतील सरोवरांवर काढतो, तेथेच पिले वाढवितो, आणि हिवाळ्यापूर्वी हिमालय ओलांडून आपल्या देशात येतो. अंगावर लहानसे यंत्र बांधून सोडलेल्या अशा हंसांचा माग विद्वानांनी काढिला आहे. त्यांतील काही सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून गेल्याचे आढळले. तेथे हवा इतकी विरळ की मनुष्यास चालणेही जड जावे. ह्या पक्ष्याच्या रक्तातच प्राणवायू घट्ट धरून ठेवण्याचा विशेष गुण आहे. आणखी एक मौज अशी कळली की तो सर्व वेळ उंचावरून उडत नाही. डोंगर आला की चढतो, दरी आली की उतरतो. चढून मिळविलेली उंची पुन्हा सोडून देणे आपल्यास वेडेपणाचे वाटेल. पण खालच्या दाट हवेत पंखांस श्रम कमी पडतात, म्हणून एकंदरीत हाच मार्ग स्वस्त. घाट चढणाऱ्या जुन्या हमालास ही गोष्ट सांगितली तर तो मान डोलावील.

होळीच्या सुमारास पाणी पुन्हा रिकामे होऊ लागते. चैत्र-वैशाखात चिखल भेगाळतो. दिवसाची लांबी वाढू लागली म्हणजे पक्ष्याच्या अंगात काहीतरी जागे होते आणि त्यास येथे चैन पडत नाही, एवढे शास्त्रज्ञांनी पुष्कळ प्रयोगांनी दाखविले आहे. हे येणेजाणे मनुष्याच्या लक्षात फार पूर्वीच आले होते. यिर्मया संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात करकोचा व होला ह्यांच्या वेळ पाळण्याचा दाखला आहे तो वाचकांस ठाऊकच आहे. त्या देशावरून वर्षातून दोनदा बलाकांचे थवे जातात, आणि तो दाखला ऐकणाऱ्यांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलेले होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अतिथी शब्दाचा अर्थ आपले लोक असा सांगतात की, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. ह्या पक्ष्यांची तिथी तर ठरलेली. गावच्या यात्रेसही एखाद्या वर्षी खंड पडेल, पण थापट्या चुकत नाही. शिवाय पाहुणा दोन दिवस राहतो, चार दिवस राहतो. भुवई बदक भाद्रपदात येऊन चैत्रापर्यंत राहिले तर वर्षातील सात महिने ते येथेच झाले. मग त्याचे घर कोणते? पिले तिकडे होतात म्हणून तिकडचे म्हणावे, तर आयुष्यातील अधिक दिवस, अधिक जेवण व अधिक झोप इकडची. सासर व माहेर ह्यांमध्ये वाटली गेलेली मुलगी दोन्हीकडे हक्काची असते. माहेरी आलेल्या लेकीस पाहुणी म्हणणारा बाप आम्ही पाहिला नाही. आणि असा कोणी असेल तर तिच्या डोळ्यांत काय दिसते तेही त्याने पाहावे.

परंतु पाहुणा शब्दात याहून मोठी एक गोष्ट दडली आहे. कोणी पाहुणा झाला की दुसरा कोणी आपोआप घरधनी होतो. पक्ष्यांस पाहुणे म्हणताच आपण न बोलता त्या पाण्याचे धनी होऊन बसतो. पाहुण्यास जे मिळते ते आपल्या उदारपणाने मिळते. मन प्रसन्न असेल तर पाट मांडावा, नसेल तर दार लावावे. नांदूरमधमेश्वरच्या बाबतीत हे धनीपण कितपत टिकते? बंधारा मनुष्याने बांधला हे खरे. पण नदी बांधिली नाही, संगम बांधिला नाही, गाळ तर नको असता आला. तो बंधारा नव्हता तेव्हाही गोदावरीच्या पात्रातील डोहांवर व वाळूवर पाणपक्षी उतरतच असले पाहिजेत, कारण त्यांची वाट शंभर वर्षांची नाही, हजारो वर्षांची आहे. आणि आपण स्वतः? इस्राएलास जमीन कायमची विकू नये असा जो नियम लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात घातला आहे, त्यास कारण असे दिले की जमीन धारण करणारे लोकही तेथे परके व उपरेच आहेत. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुळांस हे पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. सातबाऱ्यावर नाव नसताना पिढ्यान् पिढ्या एकाच शिवारात राबणे म्हणजे काय, हे त्यांस ठाऊक आहे. जो स्वतः दुसऱ्याच्या बांधावर उभा राहिला त्याने धनी शब्द जपून वापरावा.

तर मग पाहुणा नव्हे, मग काय म्हणावे? आमच्या मते शेजारी म्हणावे. हा शब्द तितका गोड नाही, आणि म्हणूनच तो आम्हांस अधिक खरा वाटतो. पाहुण्याशी भांडण होत नाही, शेजाऱ्याशी होते. पाहुण्यास जा म्हणता येते, शेजाऱ्यास येत नाही. शेजाऱ्याचे गुरू आपल्या पिकात शिरते, आपले पाणी त्याच्या वाफ्यात जाते, त्यावरून शब्द वाढतो. तरी त्याच्या घराला आग लागली तर आपण घागर घेऊन धावतो, कारण भिंत एक आहे.

आणि भांडण येथे खरेच आहे. शहरातून मोटारीने येणारा, मनोऱ्यावर चढून दुर्बीण लावणारा मनुष्य हंस पाहून हर्षित होतो व दुपारी परत जातो. परंतु हंस दिवसा पाण्याकाठी विसावा घेतो आणि रात्री चरावयास निघतो. त्यास कोवळा गहू आवडतो, हरभराही आवडतो. करकोच्यांचा थवा हरभऱ्यात किंवा भुईमुगात उतरला म्हणजे काय होते ते ज्याचे शेत आहे त्यास विचारावे. ज्याची पन्नास एकर बागाईत आहे त्यास हा तोटा कळणारही नाही. पण ज्याची सारी मिळून एक एकर पाण्याकाठी आहे तो थंडीत माळ्यावर बसून डबा वाजवितो, आणि पहाटे दमून त्याचा डोळा लागला की तेवढ्यात जे व्हावयाचे ते होते. त्या मनुष्यास, पाहुण्यांचा सत्कार कर, असा उपदेश करणे आम्हांस निर्दयपणाचे वाटते. सत्काराचा मान साऱ्या देशास मिळावा आणि शिधा मात्र एकट्याच्या कणगीतून जावा, हा कोणता न्याय? तीच गोष्ट मासे धरणाऱ्यांची. अभयारण्य झाले म्हणजे जाळे टाकण्यावर बंधने येतात. ज्या पाण्यावर बाप जगला त्या पाण्याकडे मुलाने नुसते पाहत बसावे, अशी पाळी येते.

ह्या ठिकाणी निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायातील एक लहानसा नियम आम्हांस फार विचार करावयास लावतो. सातव्या वर्षी शेत पडीत ठेवावे. त्यात आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे, आणि त्यांनी मागे ठेविलेले रानपशूंनी खावे, असा त्याचा आशय आहे. ह्यात दोन गोष्टी आहेत. एक ही की, रानातल्या जिवाचा वाटा कायद्यात लिहिला आहे; तो कोणाच्या दयेवर सोडलेला नाही. दुसरी ही की, वाट्याचा क्रम लावून दिला आहे, आणि त्या क्रमात गरीब पहिला आहे. जो पक्ष्यांसाठी कळवळतो आणि काठावरच्या अल्पभूधारकास विसरतो त्याने क्रम उलटविला. जो गरिबाचे नाव पुढे करून पक्ष्याचा वाटाच पुसून टाकू पाहतो त्याने नियमाचा अर्धा भाग फाडला. हे दुसरे लबाडीचे काम बहुधा गरीब करीत नाही. पाणथळ बुजविण्यास गरिबाचे नाव पुढे केले जाते आणि बुजविलेली जागा दुसऱ्याच कोणाच्या नावावर चढते, असे आम्ही एकाहून अधिक गावी पाहिले आहे.

कोणी म्हणतील, वाद कशाला? पक्षी उपयोगी आहेत एवढे दाखवून दिले की लोक आपोआप त्यांस राखतील. बगळे किडे खातात, विष्ठेने पाण्यास खत मिळते, पाहावयास येणाऱ्यांमुळे गावातील तरुणांस वाटाड्याचे काम मिळते. हे सर्व खरे आहे आणि चापडगावच्या बाजूस तसे तरुण आहेतही. वनखात्याचा मनोरा दाखवितात, पक्ष्यांची नावे चटचट सांगतात, आणि त्यांची विद्या पुष्कळ पदवीधरांहून पक्की असते. तरी उपयोगाच्या काट्यावर सर्व काही तोलण्याचे आम्हांस भय वाटते. काटा आज पक्ष्याच्या बाजूने झुकला, उद्या तो उलट झुकेल; तेव्हा काय म्हणणार? वारकरी पक्ष्याचा कोणास काय उपयोग आहे? ज्या काट्यावर वारकरी निरुपयोगी ठरतो, त्याच काट्यावर पुढे म्हातारी सासू, आंधळा चुलता व वेडसर पोर बसविली जातात. हे घरोघर घडलेले आहे. आम्ही अधिक बोलत नाही.

दयेवरही सर्व भार टाकता येत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता मराठी शाळांत पिढ्यांनी पाठ केली आहे. शिकाऱ्याने घायाळ केलेली पक्षिणी पिलांच्या ओढीने घरट्याकडे परतते, आणि वाचणाऱ्याचा गळा दाटतो. का दाटतो? ती आई आहे म्हणून. तिच्यात आपली आई दिसते म्हणून. त्या कवितेने किती गलोली खाली ठेविल्या असतील ते देवच जाणे. परंतु ज्या जिवात आपले काहीच दिसत नाही, त्याचे काय? चिखलातील किडा वेचणारा तुतवार आपणांस रडवीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची शिकार बंद केली, ह्याचे आम्ही स्वागतच करितो. पण कायदा हात धरतो, डोळा उघडीत नाही. दया तेथे संपते जेथे साम्य संपते. त्यापुढे जावयाचे असेल तर मनुष्याने दुसऱ्याकडे, तो आपल्यासारखा नसताही, नीट पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे. पक्षी पाहण्याचा जो काही नैतिक लाभ आहे तो आमच्या मते एवढ्यातच आहे. सौंदर्याने मन शुद्ध होते वगैरे जे लिहिले जाते त्यावर आमचा फारसा विश्वास नाही. सुंदर वस्तूंनी भरलेल्या घरांतही कठोर माणसे राहतात.

ह्याची कसोटीही त्याच गावात आहे. हंस येतात त्याच दिवसांत गोदाकाठी आणखी एक थवा उतरतो. गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे बीड, जालना, अहिल्यानगर ह्या बाजूंकडून आणि नाशिकच्या डोंगरी भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. दिवाळीनंतर येणे, होळीपाडव्याच्या सुमारास जाणे. पक्ष्यांची आणि ह्यांची पंचांगे जवळजवळ एकच. पहाटे दव पडलेले असता हे लोक उसात शिरतात तेव्हा पाण्यावर बदकेही जागी होत असतात. आता विचार करावा. पट्टकादंब मंगोलियाहून येतो हे आपल्या शाळेतील मुलास माहीत असते. बंधाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर कोपीत राहणारे मूल कोठून आले, कोणत्या इयत्तेत होते, ह्या हंगामात त्याची शाळा चुकली की कोठे साखरशाळा मिळाली, हे किती जणांस माहीत असते? पक्ष्यांस आपण निदान चुकून पाहुणे तरी म्हणतो. ह्यांस काय म्हणतो? बहुधा काहीच नाही, टोळी म्हणतो. आणि आमच्या मंडळ्यांतीलच काही कुटुंबे अशी दरसाल जातात, हे उपदेशकांस चांगले ठाऊक आहे. रविवारच्या सभेतील रिकाम्या जागा ते मोजतात.

पक्षी पाहण्यापेक्षा माणसे पाहा, असे येथे आम्हांस म्हणावयाचे नाही. तसे म्हणणे सोपे असते, आणि ते म्हणणारे बहुधा दोन्ही पाहत नाहीत. डोळा एकच आहे. ज्याने कोण आले, कोण गेले, ह्या वर्षी कोण आले नाही, एवढे लक्षपूर्वक ध्यानात ठेवण्याची सवय केली, त्याची ती सवय पाण्यापाशीच थांबेल असे नाही. थांबली तर मात्र ती करमणूक ठरली.

पाण्याविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण शेजार हा दोन भिंतींचाच नसतो. नांदूरमधमेश्वरच्या वर गंगापूर, दारणा ही धरणे आहेत. खाली पैठणास जायकवाडी. पाऊस कमी झाला की वरच्यांनी किती ठेवावे व खालच्यांसाठी किती सोडावे ह्याचे भांडण न्यायालयापर्यंत जाते. सोडलेले पाणी ह्याच बंधाऱ्यावरून पुढे जाते. पक्ष्यांस त्यात मत नाही. पाणी एकदम चढले की बेटे बुडतात, एकदम उतरले की चिखल वाळतो. शिवाय वरून शहरांचे सांडपाणी येते. त्यावर जलपर्णी पोसते आणि मोकळे पाणी झाकून टाकते. जेथे पाणी दिसत नाही तेथे बदक उतरत नाही. पैठणच्या नाथसागरावर दुसरा पाठ मिळतो. त्या जलाशयाखाली अनेक गावे गेली, आणि त्या पाण्यावर आता रोहित पक्षी उतरतात. ज्यांची घरे तळाशी आहेत त्यांचे नातू ते पाहावयास येतात. ह्या दृश्याचा अर्थ लावण्याची घाई आम्ही करीत नाही.

शेवटी, पाहावे कसे ह्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण काही उपदेशकांनी व शिक्षकांनी विचारले आहे. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही. गावचे पाझर तलाव, नाल्यावरचे बंधारे, भाताची खाचरे, ह्यांवरही पुष्कळ येते. नांदूरमधमेश्वरासच गेले पाहिजे असे नाही. सकाळी, सूर्य पाठीमागे राहील असे बसावे, पांढरे कपडे टाळावे, बोलू नये, आणि मुलांस आणल्यास तीनचारच आणावी. नाव कळले नाही तर चोच, पाय व चाल ह्यांचे वर्णन लिहावे. नाव मागाहून मिळते. वहीत दिनांक, ठिकाण व सुमारे किती ते लिहावे. रानात पक्ष्यांनी केलेले नुकसान दिसले तर तेही त्याच पानावर लिहावे, आणि शेतकऱ्यास विचारून लिहावे. ज्या दिवशी जाऊन काहीच दिसले नाही तो दिवसही गाळू नये. मोजणाऱ्यांस त्याचा उपयोग असतो. १९८७ पासून दरसाल जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होत असते, आणि तीत साधी माणसेच मोजणी करितात. ज्यांस भाग घ्यावयाचा असेल त्यांनी आपल्या भागातील वनखात्याच्या कचेरीत डिसेंबरातच चौकशी करावी, म्हणजे कोणत्या तलावावर कोणी बसावे हे आधी ठरविता येते.